भगंदर, अधू स्नायू आणि शस्त्रक्रियांचा क्रम : एक प्रकरण

पार्श्वभूमी

मंगलताई सांगली जिल्ह्यातल्या. हे नाव खरं नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. वय ३८, एसटीत वाहक. दोन मुलं. पहिलं बाळंतपण चिमटा लावून झालेलं. त्या वेळी खाली बरंच फाटलं होतं, टाके पडले होते. त्यानंतर वारा कधी कधी रोखता येत नाही, असं त्यांना जाणवायचं. पण बाळंतपणानंतर असं व्हायचंच, असं सगळ्या बायका सांगतात म्हणून तो विषय त्यांनी तिथेच सोडला होता.

आमच्याकडे येण्याच्या दोन वर्षं आधीच्या पावसाळ्यात शौचाच्या जागेच्या पुढच्या बाजूला, जरा डावीकडे, गळू झालं. ताप आला, बसता येईना. तालुक्याच्या ठिकाणी चिरा देऊन पू काढला, काही दिवस ड्रेसिंग झालं, जखम भरली. तीनेक महिन्यांनी त्याच जागी पुटकुळीएवढं तोंड उघडलं आणि पिवळसर पाणी येऊ लागलं. चार दिवस कोरडं, मग ठणका, मग पू, मग पुन्हा कोरडं. पाळीचे पॅड महिनाभर लावावे लागत. घरात वर्षभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायच्या, त्यानं पाणी थांबायचं आणि गोळ्या संपल्या की परत सुरू.

गुदद्वाराजवळचं गळू फोडल्यावर साधारण तिघांत एकाला, काही अभ्यासांत तर निम्म्या लोकांना, पुढे भगंदर होतं. आतल्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथीत जंतुसंसर्ग होतो, पू स्नायूंमधून वाट काढत कातडीपर्यंत येतो, आणि गळू रिकामं झालं तरी ती वाट उरते. अशी वाट गोळ्यांनी बुजत नाही. मंगलताईंच्या तेव्हाच्या कागदांवर याबद्दल एक ओळही नव्हती.

शेवटी त्यांनी एक जाहिरात पाहून दुसऱ्या एका शहरात लेसर करून घेतलं. टाके नाहीत, चिरफाड नाही, दुसऱ्या दिवशी कामावर, असं त्या जाहिरातीत होतं. शस्त्रक्रियेआधी एमआरआय झाला नव्हता. सहा आठवडे सगळं कोरडं राहिलं आणि मग पाणी पुन्हा सुरू झालं. त्यानंतर काही महिन्यांनी नवं गळू आणि अंगात सणसणून ताप घेऊन त्या आमच्याकडे आल्या.

समस्या नेमकी काय होती

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात, एका बांगडीत दुसरी बांगडी असावी तशी. आतलं कडं आपल्या इच्छेवर चालत नाही. ते सतत आवळलेलं राहतं आणि झोपेतही वारा-पाणी रोखून धरतं. बाहेरचं कडं आपण मुद्दाम आवळतो, घाईची कळ आली की तेच कामी येतं. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स यांनी १९७६ साली केलेलं भगंदराचं वर्गीकरण आजही वापरात आहे, कारण ते एकच प्रश्न विचारतं: वाट या दोन कड्यांच्या मधून, आरपार की वरून गेली आहे? वाट खालून गेली असेल तर ती सरळ उघडून टाकायची. बरं होण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असतं आणि स्नायूचं नुकसान थोडं. वाट दोन्ही कड्यांतून आरपार आणि उंचावरून गेली असेल तर उघडताना दोन्ही कडी कापली जातात, आणि कापलेल्या कड्याचा ताबा पूर्ण परत येईल याची हमी नसते.

बायकांमध्ये पुढच्या बाजूचं भगंदर हा यातला सगळ्यात नाजूक भाग. पुढे, योनीच्या बाजूला, बाहेरचं कडं मुळातच अरुंद असतं. मागच्या बाजूला जेवढा स्नायू कापून निभावतं, तेवढा पुढे कापला तर बऱ्याचदा काहीच उरत नाही.

नवं गळू आम्ही त्याच रात्री रिकामं केलं. तोंड गुदद्वारापासून साधारण तीन सेंटिमीटरवर, पुढे डावीकडे. सूज उतरल्यावर एमआरआय केला. आतलं तोंड घड्याळाच्या बाराच्या जागी, म्हणजे बरोबर पुढे. वाट दोन्ही कड्यांतून आरपार. लांबी चारेक सेंटिमीटर. आणि बाहेरच्या बाजूला चरबीत दीड सेंटिमीटरची एक आंधळी फांदी. लीड्सच्या सेंट जेम्स रुग्णालयाच्या पद्धतीनं मोजलं तर पाचांतली चौथी पायरी. योनीत उघडणारी वाट नव्हती, हे वेगळं तपासून घेतलं.

खरी मेख एमआरआयपेक्षा गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीत कळली. बाहेरच्या कड्यात पुढच्या बाजूला जुनी फट होती, त्या जागी नुसता व्रणाचा पातळ पापुद्रा. पहिल्या बाळंतपणातली ती इजा, जिला कुणी नाव दिलं नव्हतं. ताबा मोजण्याच्या वेक्सनर गुणांकात, ज्यात शून्य म्हणजे पूर्ण ताबा आणि २० म्हणजे अजिबात नाही, त्यांचे तेव्हाच ३ होते.

रक्ततपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ८.१. मधुमेह होता आणि त्यांना ठाऊक नव्हता. आपल्याकडे भगंदरात क्षयरोग विसरून चालत नाही. वाटेतला तुकडा पॅथॉलॉजीला आणि क्षयाच्या जीन तपासणीला पाठवला, दोन्हींत काही निघालं नाही. वजन घटलेलं नव्हतं, जुलाब नव्हते, दुर्बिणीतून खालचं आतडं स्वच्छ दिसलं. क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाचा आजार, ज्यातही भगंदर होतं, त्याचा संशय आम्ही तिथेच बाजूला ठेवला.

पहिला निर्णय : धागा आणि थांबणं

गळू फोडतानाच वाटेतून रबरासारखा मऊ धागा ओवून सैल गाठ मारून ठेवला होता. हा कापणारा धागा नव्हे. पू आत साठू न देता बाहेर वाहत राहावा, नवं गळू होऊ नये आणि हळूहळू वाटेच्या भिंती घट्ट व्हाव्यात, एवढंच त्याचं काम. धागा कापण्यासाठी आवळत नेण्याची पद्धतही आहे, पण तिच्यात स्नायू कापला जातोच, फक्त सावकाश.

धागा दहा आठवडे राहिला. धागा जास्त काळ ठेवल्यानं पुढची शस्त्रक्रिया हमखास यशस्वी होते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. पण मंगलताईंना तो काळ दुसऱ्या कारणासाठी हवा होता. साखरेची गोळी सुरू झाली, आहार बदलला. शस्त्रक्रियेच्या वेळेपर्यंत एचबीए१सी ७.२ वर आलं होतं. धाग्यासह त्या कामावर जात होत्या, पॅड लावून. या काळात त्यांना दोनदा वाटलं की एवढ्यावरच राहावं, शस्त्रक्रिया नकोच. हाही एक खरा पर्याय आहे. क्रोन्सच्या रुग्णांत धागा वर्षानुवर्षं ठेवतात. पण ३८व्या वर्षी, नोकरीत, रोजचा ओला पॅड घेऊन जगणं त्यांना नको होतं.

पर्यायांवरचा खल

आमच्याकडे अशी प्रकरणं एकट्यानं ठरवायची नाहीत असा रिवाज आहे. या वेळी पुण्यातले एक गुदरोग शल्यविशारद व्हिडिओवर होते, आमचे रेडिओलॉजिस्ट होते आणि शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या शस्त्रक्रिया शाखेत, एमएस केलेले एक वैद्य होते. वैद्यांना बोलावलं कारण मंगलताईंच्या सासूबाईंचा आग्रह क्षारसूत्राचा, म्हणजे वाटेत औषधी लेपांचा धागा घालण्याचा, होता. मामेसासऱ्यांचं भगंदर त्यानं बरं झालं होतं, आणि सासूबाईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं.

सगळ्यात आधी मंगलताईंनाच विचारलं, तुम्हाला नेमकं काय नको आहे? त्या म्हणाल्या, "डॉक्टर, गाडीत पन्नास माणसं असतात. पू आला तर पॅड आहे. वारा सुटला तर मी कुठं तोंड लपवू?" पुढची सगळी चर्चा या वाक्याला धरून झाली. बरं होण्याच्या शक्यतेत थोडं मागे राहिलं तरी चालेल, पण आहे तो ताबा जाता कामा नये, हा त्याचा अर्थ.

वाट पूर्ण उघडून टाकणं पहिल्या मिनिटात बाद झालं. उघडून स्नायू त्याच वेळी शिवून टाकायची पद्धत जास्त वेळ टेबलावर राहिली. निवडक रुग्णांत तिचं यश ९० टक्क्यांच्या वर सांगतात आणि जुनी फटही त्याच वेळी शिवता येईल, हा मोह होता. पण तिच्यानंतर साधारण १२ टक्के लोकांचा ताबा आधीपेक्षा बिघडतो. मंगलताईंच्या बाबतीत शिवायचा होता तो स्नायू आधीच व्रणाचा, आणि जागा संसर्गाची. टाके सुटले तर त्या आजच्यापेक्षा वाईट जागी येणार होत्या.

क्षारसूत्राबद्दल वैद्य स्पष्ट बोलले. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत पुन्हा उभी केली. सुती धाग्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ लेप देतात आणि तो धागा दर आठवड्याला बदलतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री चाचणीत क्षारसूत्रानंतर भगंदर परत येण्याचं प्रमाण ४ टक्के होतं, शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के. भरायला मात्र चारऐवजी आठ आठवडे लागले. आकडे चांगलेच आहेत. पण तिथे तुलना त्या काळच्या उघडून टाकायच्या शस्त्रक्रियेशी होती, आजच्या स्नायू राखणाऱ्या पद्धतींशी नव्हती. आणि क्षारसूत्र स्नायू राखत नाही. ते कापत जातं आणि मागून व्रण भरत येतो, त्यामुळे कडं एकदम फाकत नाही, एवढाच त्याचा गुण. वैद्य म्हणाले, "पुढची बाजू, बाईमाणूस आणि फाटलेला स्नायू. या लांबीला मी धागा घालणार नाही." सुश्रुतानंही शतपोनकाच्या, म्हणजे अनेक तोंडांच्या भगंदराच्या, सगळ्या नाड्या (वाटा) एकाच जखमेत उघडायला मनाई केली आहे, कारण रुंद झालेल्या तोंडातून मळ वाहू लागतो, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. कड्यांच्या मधल्या जागेत खिडकी पाडून छोट्या भागालाच क्षारसूत्र घालायची बनारसची सुधारित पद्धत आहे, तिची नोंद आम्ही करून ठेवली.

वाट भरून बंद करणारा गोंद आणि तिच्यात बसवायचा प्लग, म्हणजे बूच, यांवर फार वेळ गेला नाही. गोंद बहुतेक वेळा काही महिन्यांत सुटून येतो. प्लग डुकराच्या लहान आतड्याच्या अस्तरापासून बनतो, महाग असतो, आणि ब्रिटनमधल्या ३०४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर प्लगचं यश ५४ टक्के आणि शल्यविशारदाच्या पसंतीच्या इतर पद्धतींचं ५५ टक्के निघालं. म्हणजे जादा पैशांनी पदरात काही पडलं नाही.

पुन्हा लेसर? लेसरचा तंतू वाटेत घालून आतून भिंती जाळत बाहेर ओढत आणतात. स्नायूला धक्का लागत नाही हे खरं. एकत्र केलेल्या अभ्यासांत पहिल्या खेपेचं यश दोनतृतीयांशाच्या आसपास आहे. पण लेसर आंधळा असतो: तंतू ज्या वाटेत आहे तेवढीच जळते. मंगलताईंची चरबीतली फांदी त्याच्या वाटेत कधी आलीच नसणार, आणि आतलं तोंड वेगळं बंद केल्याची नोंद पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदांत नव्हती. इटलीच्या मेइनेरो यांनी २०११ साली मांडलेल्या व्हिडिओ पद्धतीत दुर्बीण वाटेत घालून फांद्या डोळ्यांनी पाहून जाळता येतात. फांदीसाठी ती चांगली होती, पण आतलं तोंड बंद करण्याचा प्रश्न तिथेही वेगळा सोडवावा लागतो, आणि उपकरण आमच्याकडे नव्हतं.

पंचकुल्याच्या पंकज गर्ग यांची आतल्या बाजूनं कड्यांमधली जागा उघडायची पद्धत उंच भगंदरात चांगले निकाल देते, आणि बाहेरच्या कड्याला हात लावत नाही. पण तिच्यात आतलं कडं उघडलं जातं. ज्या बाईचं बाहेरचं कडं आधीच अधू आहे, तिचा दिवस आतल्या कड्यावर चालतो. म्हणून ही पद्धत दूर ठेवली.

राहिले दोन: आतल्या तोंडावर आतड्याच्या अस्तराचा पडदा खाली ओढून शिवणं, म्हणजे फ्लॅप, आणि लिफ्ट, म्हणजे दोन कड्यांमधल्या खोबणीतून आत शिरून वाट तिथेच दोन्ही बाजूंनी बांधून कापणं. बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातले अरुण रोजनसकुल यांनी २००७ साली लिफ्टचे पहिले निकाल दिले तेव्हा १८ पैकी १७ रुग्ण बरे झाले होते. पुढे जगभर ती वापरली गेल्यावर हा आकडा ७०-७५ टक्क्यांवर उतरला. नव्या शस्त्रक्रियांच्या पहिल्या आकड्यांचं असंच होतं. निवडक रुग्ण, ती पद्धत काढणाऱ्याचेच हात आणि थोड्या महिन्यांची तपासणी. यश म्हणजे नुसती कोरडी कातडी की एमआरआयमध्येही बंद झालेली वाट, हेही प्रत्येक जण वेगळं मोजतो.

२०१९ साली या दोन्हींची तुलना करणारा एकत्रित अभ्यास आला. उंच, पण क्रोन्स नसलेल्या भगंदरात फ्लॅपचं यश साधारण ७५ टक्के, लिफ्टचं ६९. ताबा बिघडण्याचं प्रमाण फ्लॅपनंतर ७.८ टक्के, लिफ्टनंतर १.६. पुण्याच्या डॉक्टरांचा कौल फ्लॅपला होता. त्यांच्या हातचे निकाल चांगले आहेत, आणि पुढच्या बाजूला स्नायू इतका पातळ असेल तर खोबणी सापडणंच कठीण, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. आमचं म्हणणं वेगळ्या बाजूचं होतं. फ्लॅपला मऊ, निरोगी अस्तर लागतं. इथे लेसरनंतर आतल्या तोंडाभोवती कडक व्रण होता. फ्लॅप जाड घेतला तर आतल्या कड्याचे तंतू त्यात येतात, आणि तो सुटला तर आतलं तोंड आधीपेक्षा मोठं होतं. लिफ्ट फसली तर बहुतेक वेळा काय होतं? बाहेरच्या कड्यातला भाग भरून येतो आणि उरते ती आतल्या तोंडापासून खोबणीतल्या टाक्यापर्यंतची आखूड वाट. म्हणजे आरपार गेलेलं भगंदर दोन कड्यांमधल्या सोप्या भगंदरात बदलतं.

माझ्या मते या पद्धतींची तुलना करताना टक्केवारीचा तक्ता शेवटी पाहावा. आधी पाहायचं ते हे की, ही फसली तर माझ्या रुग्णाकडे काय उरेल. ६९ आणि ७५ मधला फरक एका बाईच्या बाबतीत कळतही नाही. फसल्यानंतरची जागा मात्र तिला रोज कळते. लिफ्ट ठरली.

मंगलताईंना आम्ही आकडे याच शब्दांत सांगितले: दहांत तीन वेळा ही फसते, आणि फसली तर पुढची पायरी आजच्यापेक्षा सोपी असण्याची शक्यता जास्त आहे. यजमान जरा नाराज झाले; त्यांना "शंभर टक्के" ऐकायचं होतं.

शस्त्रक्रिया

कमरेखाली भूल देऊन, पालथं झोपवून. पुढच्या बाजूच्या कामाला ही स्थिती सोयीची पडते. धाग्याच्या आधारानं वाट हाताला लागली, पण खोबणी व्रणानं चिकटलेली होती आणि स्नायूचे पदर वेगळे करायला नेहमीपेक्षा बराच वेळ गेला. वाट दोन्ही बाजूंनी विरघळणाऱ्या टाक्यांनी बांधली, मधून कापली, बाहेरचा भाग खरवडला, चरबीतली फांदी उघडून साफ केली आणि बाहेरचं तोंड वाहतं ठेवलं. कापलेला तुकडा पुन्हा तपासणीला पाठवला. दुसऱ्या दिवशी घरी. इसबगोल, कोमट पाण्यात बसून शेक, सहा आठवडे जड उचलणं बंद. ड्यूटी नाही.

नववा आठवडा

सहाव्या आठवड्यात बाहेरची जखम भरली. नवव्या आठवड्यात खोबणीवरच्या टाक्यातून पाण्याचा एक थेंब दिसला, मग रोज. मंगलताई तपासणीच्या टेबलावर रडल्या. आम्ही लगेच काही केलं नाही. टाक्याची जखम कधी कधी उशिरा बंद होते म्हणून आणखी महिनाभर वाट पाहिली. पाणी थांबलं नाही. पुन्हा एमआरआय. बाहेरच्या कड्यात काही नाही, फांदी गेलेली, आणि आतल्या तोंडापासून खोबणीपर्यंत दीड सेंटिमीटरची सरळ वाट. जे फसल्यावर उरेल म्हणून सांगितलं होतं, तेच उरलं होतं.

दुसरा निर्णय पहिल्यापेक्षा अवघड होता. वाट सोपी होती, पण ती बंद करायला आतल्या कड्याचा खालचा भाग कापावा लागणार होता, आणि मंगलताईंचा भरवसा त्याच कड्यावर. फ्लॅपचा विचार पुन्हा झाला. आतल्या तोंडाभोवतीचा व्रण अजून तसाच होता. पुण्याहून दाबाची तपासणी करून घेतली. आराम करतानाचा दाब, जो मुख्यतः आतल्या कड्याचा असतो, ठीक होता. वेक्सनर गुणांक अजून ३. यावरून खालचा थोडा भाग परवडेल, असा अंदाज बांधला.

सुरीनं उघडायचं की वैद्यांनी क्षारसूत्र घालायचं, हा प्रश्न उरला. कापला जाणारा स्नायू दोन्हींत तोच. सुरीनं एका दिवसात काम, पण भूल, दवाखाना आणि पुन्हा रजा. क्षारसूत्राला दीड सेंटिमीटरसाठी दोन-तीन आठवडे, दर आठवड्याला बदलताना झोंबणारी आग, पण बसता-उठता येतं आणि कड्याची टोकं फाकण्याआधी मागचं भरत येतं. निर्णय आम्ही मंगलताईंवर सोपवला. आजारपणाची रजा संपली होती. त्यांनी क्षारसूत्र निवडलं. सासूबाई खूष झाल्या. वैद्यांनी त्यांना बजावलं की चार सेंटिमीटरच्या वाटेला आपण नाही म्हटलं होतं आणि दीडला हो म्हणतोय, मधली शस्त्रक्रिया झाली म्हणून.

परिणाम

धागा तिसऱ्या आठवड्यात कापून बाहेर आला. जखम भरायला आणखी पाचेक आठवडे. वर्षभरानं तोंड बंद, कातडी कोरडी, एमआरआयमध्ये नुसता व्रण. वेक्सनर गुणांक ४. वारा रोखणं पूर्वीपेक्षा किंचित अवघड, पातळ शौचावर ताबा पूर्ण. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम त्या अजून करतात, म्हणजे "डेपोत गाडी लागली की दहा मिनिटं", असं त्यांचं मोजमाप आहे. एचबीए१सी ६.८.

तीनाचे चार झाले, याला यश म्हणायचं का, यावर आमच्यात एकमत नाही. मंगलताई म्हणतात, पॅड सुटले. त्यांच्या दृष्टीनं हिशेब मिटला. पण पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर, स्नायू आणखी सैल पडतात, आणि त्यांच्याकडे आता शिल्लक कमी आहे. हे त्यांना सांगितलं आहे आणि कागदावरही लिहिलं आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी पहिल्या गळवाच्या वेळी होती. गळू फोडल्यावरच्या चिठ्ठीत "तीन महिन्यांत पुन्हा पाणी आलं तर गोळ्या घेऊ नका, दाखवायला या" एवढी ओळ असती तर वर्ष वाचलं असतं. त्याच वेळी एकदा साखर तपासली असती तर मधुमेहही दोन वर्षं आधी सापडला असता. गळू घेऊन आलेल्या माणसाची साखर बघायला खर्च नगण्य येतो.

लेसर ही पद्धत वाईट नाही. सरळ, एकाच वाटेच्या, फांदी नसलेल्या भगंदरात मी स्वतः ती सुचवतो. पण फांदी आहे की नाही हे एमआरआयशिवाय कळत नाही, आणि पुढच्या बाजूचं भगंदर घेऊन आलेल्या बाळंतपण झालेल्या बाईचा ताबा मोजल्याशिवाय कुठलीच शस्त्रक्रिया ठरवू नये, लेसरसुद्धा. ताबा आधी मोजलेला नसेल तर नंतर बिघडला की कुणामुळे, हेही सांगता येत नाही. कुणाला अशी शस्त्रक्रिया सुचवली गेली तर तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्या वाटेत किती स्नायू येतो, आतलं तोंड कसं बंद करणार, आणि हे फसलं तर पुढे काय. तिसऱ्याचं उत्तर "फसणारच नाही" असं आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लिफ्ट करतानाच आतलं तोंड आतून वेगळं शिवून घ्यायला हवं होतं का, यावर चर्चा झाली. काही जण तसं करतात. त्यानं यश वाढतं असं ठामपणे सांगणारा पुरावा नाही, पण लेसरनं कडक झालेल्या तोंडाला ते कदाचित उपयोगी पडलं असतं. नवव्या आठवड्यानंतर महिनाभर थांबणं मला अजूनही योग्य वाटतं, जरी मंगलताईंना तो महिना सगळ्यात जड गेला.

पुण्याच्या डॉक्टरांचं मत बदललेलं नाही. त्यांच्या मते पहिल्यांदाच फ्लॅप केला असता तर दुसरी पायरी लागली नसती आणि आतलं कडं अखंड राहिलं असतं. आमचं उत्तर असं की फ्लॅप सुटला असता तर मोठं झालेलं आतलं तोंड, चार सेंटिमीटरची वाट आणि गमावलेलं अस्तर एवढं घेऊन आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो असतो. एका रुग्णावरून हा वाद मिटणारा नाही. तशाच स्वरूपाची दुसरी रुग्ण आता धागा ओवून वाट पाहत आहे. तिला लेसर झालेला नाही, अस्तर मऊ आहे, आणि तिच्या बाबतीत आम्ही फ्लॅपकडे झुकलो आहोत.